मी कन्याकुमारीला, बूट दिल्लीला

पायी कन्याकुमारीला निघालेल्या माणसाने आपले बूट आधी पाठवून देऊ नयेत. मी पाठवले.

बुटांबरोबर चष्माही पाठवला. (लांबचं बघायचा. जवळचं मला दिसतं, फक्त समजत नाही, असं आमच्या वहिनीचं मत होतं आणि अजून आहे.) आता माणूस मागे आणि बूट पुढे, हे कसं झालं ते सांगायचं तर दौलत अण्णांपासून सुरुवात करायला हवी.

दौलत अण्णा म्हणजे दापोऱ्याचे केळीवाले. लांबच्या नात्यातले. त्यांची मुलगी कमल मला सांगून आली होती. म्हणजे खरं तर आम्हीच सांगून पाठवलं होतं, कारण एका लग्नात मी कमलला पंगतीत वाढताना पाहिलं होतं आणि मी नको म्हणालो नसताना ती मला बुंदी न वाढता पुढे गेली होती. एवढ्यावरून मी ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशीच.

अण्णा मुलगा पाहायला बऱ्हाणपुरात आले ते दापोऱ्याहून चालत. गुडघ्यापर्यंत धूळ. ते इतवाऱ्यातल्या आमच्या ओट्यावर बसून पाणी पीत होते, तेवढ्यात मी शाळेतून घरी आलो. टांग्यात.

"शाळा कुठशीक हाये यांची?" अण्णांनी वहिनीला विचारलं.

"ही काय, या भिंतीपलीकडे. घंटा झाली की आमची दुधावरची साय हलते!"

"मंग टांगा कायले?"

"भिंतीला वळसा आहे ना!" मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, टांग्याकडे पाहिलं, घोड्याकडे जरा जास्त वेळ आणि जास्त आपुलकीने पाहिलं. मग उठले आणि आईला म्हणाले, "ताई, पोरगा शिकेल हाये, सुभावानं गरीब हाये. पण त्याचे पाय काही मले दिसले नाहीत. ज्याचे पाय पाहिले नाहीत त्याले पोरगी कशी द्यावं?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण ते दिवसच गप्प बसण्याचे नव्हते. संस्थानं विलीन होत होती. सकाळी पेपर उघडावा तर काल जिथे राजा होता तिथे आज कलेक्टर! निजामाचं हैदराबादही नुकतंच सामील झालेलं. आम्ही मंडळी इतवाऱ्यातल्या चहाच्या दुकानात बसून रोज संध्याकाळी देश जोडत असू, आणि मी शाळेत भूगोल शिकवत असल्यामुळे जोडाजोडीचं काम बहुतेक माझ्याकडे असे. त्या जोरात माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, पायांचं काय सांगता? मी इथून कन्याकुमारीपर्यंत पायी जाईन! संस्थानं सहीने जोडली, मी पायांनी देश जोडून दाखवीन!"

मला वाटलं, आता आई म्हणेल, "काहीतरीच काय!" वहिनी म्हणेल, "भावजी, पुरे." कोणी काही म्हणेना.

"कधी निघता?" अण्णांनी विचारलं.

झालं! जाऊन आलो की तसाच मांडवात, असं अण्णांनी कबूल केलं. न गेलो तर कमल दुसऱ्या घरी. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्यांना कन्याकुमारी म्हणजे कोणाची मुलगी हेही ठाऊक नव्हतं ते रस्त्यात थांबवून विचारू लागले, "क्या मास्तर, सुना है पैदल जा रहे हो?" मी लष्कराच्या जुन्या मालातून एक जोडी बूट घेतले. एवढे दणकट, की मी ते घालून चालायला निघालो तरी ते जागचे हलत नसत. नकाशा घेतला. धोतरं, सदरे, पंचा, सगळं जमवलं.

आणि तेवढ्यात आईने पंचांग पाहणाऱ्या गुरुजींना बोलावलं.

गुरुजी म्हणाले, दक्षिणेला जायचा मुहूर्त बुधवारी सकाळी. त्यानंतर पार पावसाळ्यापर्यंत बरा दिवस नाही. इकडे हेडमास्तर म्हणाले, निकाल लावल्याशिवाय कन्याकुमारी नाही. निकाल शनिवारी. आता काय करायचं?

"त्यात काय," आई म्हणाली, "प्रस्थान ठेवू."

ज्यांच्या घरात हे पाळत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मुहूर्तावर स्वतः निघता येत नसेल, तर आपलं सामान मुहूर्तावर निघतं. ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या कोणाच्या तरी घरी गाठोडं नेऊन ठेवायचं. मग माणूस मागाहून सवडीने निघतो, वाटेत ते गाठोडं उचलतो आणि पुढे जातो. देवाच्या लेखी तो मुहूर्तावरच निघालेला असतो. (देवालाही शाळेच्या निकालाची अडचण समजते.) फक्त आमच्या घरात दोन नियम कडक. गाठोडं घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि गाठोडं ठेवल्यावर निघालेला माणूस प्रवास केल्याशिवाय उंबऱ्याच्या आत यायचा नाही.

"ज्याच्यावाचून तुझं अडेल ते सगळं घाल त्यात," आई म्हणाली. "म्हणजे प्रस्थान खरं."

मी गाठोड्यात बूट घातले. चष्मा घातला. नकाशा आणि कपडे घातले. वहिनी म्हणाली, "भावजी, तुमचं टांग्यावाचून अडतं. तो मावेल का?"

दक्षिणेच्या वाटेवर ओळखीचं घर म्हणजे दौलत अण्णांचंच. बुधवारी सकाळी त्यांची गाडी बाजारात आली होती, तिच्यातून गाठोडं मुहूर्तावर दापोऱ्याला रवाना झालं. आईने बरोबर निरोप दिला, "जमिनीला टेकू देऊ नका हो!"

शनिवारी निकाल लागला. रविवारी मी निघालो. बँड होता. गळ्यात हार एवढे, की रस्ता दिसेना. (चष्मा नसल्याने तो एरवीही दिसत नव्हता.) मी एक छोटंसं भाषण केलं, ते लांबलं, आणि त्यामुळे निघेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. पायांत जुनी चप्पल. लोक गावाबाहेरपर्यंत आले, मग एकेक करून सावलीला गेले. बँडवाले तर वाजवत वाजवतच परत फिरले. आणि मी एकटा उरलो त्याच क्षणी माझ्या चपलेचा अंगठा तुटला.

वैशाखातली माती. मी एक पाय टाकला. दुसरा टाकला. तिसरा टाकायला पहिलाच पाय पुन्हा वापरावा लागणार हे लक्षात आलं तेव्हा मला देशाच्या लांबीची खरी कल्पना आली. अजून नदीसुद्धा लागली नव्हती. तेवढ्यात मागून माल उतरवून परतणारी एक बैलगाडी आली. गाडीवान पुढे बसून मस्त डुलक्या घेत होता, बैलांना रस्ता पाठ होता. गाडीत मालाखाली अंथरलेल्या केळीच्या पानांचा तेवढा हा ढीग. मी इकडेतिकडे पाहिलं, मागून अलगद चढलो, पानांखाली शिरलो आणि ठरवलं, फक्त पाय निवेपर्यंत.

पाय निवले. त्यांच्यामागोमाग बाकीचा मीही निवलो आणि गाढ झोपलो. ताप्ती केव्हा ओलांडली, शिवार केव्हा लागलं, काही पत्ता नाही. जाग आली ती कोणीतरी माझ्या तोंडावरची पानं ओढत होतं तेव्हा. डोळे उघडले तर समोर कमल! हातात पानांचा भारा, मागे गोठा, गोठ्यात एक म्हैस.

गाडी अण्णांची होती.

"अगं बाई! मास्तर?"

"हळू!" मी म्हणालो. "अण्णा कुठायत?"

"पुढच्या दारात हार घेऊन उभे हायेत. अर्धं गाव जमवलंय. मास्तर चालत येऊन राहिले म्हणून रस्त्याकडं डोळे लावलेत."

"मग आता मी काय करू?"

"ते तुमी ठरवा. पण लवकर. उठता, का म्हशीपुढं टाकू?"

मी उठलो. कमलने तोंडाला पदर लावून मागच्या केळीच्या बागेकडे बोट दाखवलं. बागेतून पळालो, पाण्याच्या पाटात घसरलो, उठलो, पुन्हा घसरलो, आणि वळसा घालून रस्त्यावर आलो तो लंगडत, धापा टाकत, चिखलाने माखून. मुद्दाम सोंग करूनही एवढं छान साधलं नसतं!

"आले! आले!" अण्णा धावले. "अरे, पाय तर पाहा बाप्पा मास्तरचे! एका दिवसात काय हालत झाली!" त्यांनी स्वतः माझ्या पायांवर पाणी घातलं. हार घातला. त्या रात्री पुरणपोळी होती. मी मनाला समजावलं की बागेतून तरी मी पायीच आलो होतो.

सकाळी मी रुबाबात म्हणालो, "बरं अण्णा, माझं प्रस्थान तेवढं द्या. ऊन व्हायच्या आत निघतो."

गाठोडं आणायला गेलेली कमलची आई पांढरीफटक होऊन परत आली. झालं होतं असं. जमिनीला टेकू नये म्हणून तिने गाठोडं खोपीतल्या आढ्याला टांगलं होतं. त्याच आढ्याला केळीचे घड टांगलेले. काल सकाळी गाडीवानाने अंधारात भराभर घड उतरवले, गाडीत भरले, स्टेशनवर नेऊन वॅगनमध्ये चढवले. घडांबरोबर हेही. म्हणजे मी ज्या गाडीत झोपून दक्षिणेला आलो, त्याच गाडीतून सकाळी माझे बूट उत्तरेला गेले होते.

"वॅगन कुठली?" मी विचारलं.

"दिल्लीची."

आता नियम आठवा. गाठोडं घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. प्रवास केल्याशिवाय घरी जायचं नाही. राहता राहिलं दापोरं! अण्णांनी दिल्लीत त्यांची केळी विकून देणाऱ्या आडत्याला तार केली आणि मी होणाऱ्या सासऱ्याच्या घरी, अंगावरच्या एका सदऱ्यानिशी, तारेच्या उत्तराची वाट पाहत मुक्काम ठोकला.

पाहुणचार जोरात होता. सकाळी केळी, दुपारी केळीची भाजी, संध्याकाळी कोणीतरी म्हणे, "मास्तर, शिकरण घेसान ना?" रोज संध्याकाळी गावकरी मारुतीच्या पारावर जमत आणि मी त्यांना पायी प्रवासाचे फायदे समजावून सांगे. "चालण्याने माणूस मातीशी जोडला जातो!" असं म्हणून मी हात मागे बांधून पारावर येरझाऱ्या घालायचो. मी पाठमोरा झालो की लोक टाळ्या वाजवायचे, हसायचे, एकमेकांना ढोसायचे. तोंड त्यांच्याकडे केलं की गंभीर. मला वाटे, काय रसिक गाव आहे! दुसऱ्या दिवशी गर्दी वाढली. तिसऱ्या दिवशी तर शेजारच्या गावची माणसं आली आणि माझ्या पाठीमागची जागा मिळावी म्हणून त्यांच्यात बाचाबाची झाली.

शेवटी तारेचं उत्तर आलं. आडत्या लिहीत होता: बूट मिळाले, माप बरोबर आहे, फार आभारी आहे.

त्याला ती भेट वाटली!

अण्णांनी तार घडी करून खिशात ठेवली. मी उसासा टाकून म्हणालो, "काय करणार अण्णा! माझे पाय तर शिवशिवतायत. पण प्रस्थानच नाही म्हटल्यावर..."

"मास्तर," अण्णा शांतपणे म्हणाले, "जरा पाठ करा."

मी पाठ केली. आतल्या दारात बायका खुदकन हसल्या.

"केळीचा चीक म्हणजे भलता जिन्नस," अण्णा माझ्या पाठीला उद्देशून बोलू लागले. "लागतो तवा पाण्यावानी. दिसत बी नाही. मंग धुवा तसा काळा पडत जातो. चालत येणाऱ्याची छाती मळते मास्तर. पाठ चिकानं भरते ती पानांवर निजून येणाऱ्याची."

मी सदरा काढून पाहिला. पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत काळपट तपकिरी डागांचा नकाशा! त्यात पुन्हा पानाच्या शिरा अगदी स्पष्ट उमटलेल्या. सबंध दापोऱ्याने तो नकाशा संध्याकाळी संध्याकाळी वाचला होता, आणि त्यांना तो वाचता यावा म्हणून मी येरझाऱ्या घालत होतो!

"मी... पाटात पडलो होतो," मी म्हणालो.

"पाटात पानाच्या शिरा नसतात. जाऊ द्या. शहापूरहून कमलले एक स्थळ आलं हाये. पोराचा बाप सांगायले चालत आला होता. आपलं बोलणं इथंच संपलं."

मी कमलकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिने मान खाली घातली होती. बास! माझ्या डोक्यात काहीतरी सणकलं. "ठीक आहे!" मी ओरडलो. "बूट गेले उडत! प्रस्थान गेलं उडत! हा मी चाललो कन्याकुमारीला! अनवाणी!"

"अहो मास्तर, तिकडं..." कमल काहीतरी म्हणाली, पण मी कशाला ऐकतोय! सदरा उलटसुलट अंगात अडकवला आणि ताडताड बाहेर पडलो, सरळ केळीच्या बागेत.

केळीच्या बागेत रागाने शिरू नये. सगळी झाडं सारखी. या ओळीतून त्या ओळीत, त्या ओळीतून या ओळीत, असा बराच फिरून मी एका रस्त्याला लागलो आणि चालत सुटलो. पाय भाजत होते, फोड येत होते, फुटत होते. थांबलो नाही. वाटेत दोन गाड्या भेटल्या, "बसा" म्हणाल्या, मी बसलो नाही! सूर्य डाव्या हाताला कलला तेव्हा जरा शंका आली. पण राग आला की मला डावं-उजवं कळत नाही. पुढे क्षितिजावर डोंगराची निळी रेघ दिसू लागली. चष्म्याशिवाय जेवढी दिसायची तेवढीच. मी म्हटलं, हा अजिंठ्याचा डोंगर. भूगोल चुकत नाही! मग नदी लागली. म्हटलं, पूर्णा. पलीकडच्या काठावर कसलातरी धूसर, अजस्र जुना वाडा की किल्ला. म्हणजे निजामाची हद्द! आलो तर मग! एवढ्या लवकर! माझा ऊर भरून आला. उन्हाळ्याने नदी कमरेएवढीच होती. धोतर खोचून मी पलीकडे गेलो, घाटाच्या पायरीवर उभा राहिलो आणि कपडे धुणाऱ्या अस्पष्ट आकृत्यांना उद्देशून दोन्ही हात वर केले.

"बंधूंनो आणि भगिनींनो! भिऊ नका! निजामाचं राज्य संपलं! तुम्ही आता आमच्यात विलीन झालात!"

धोपटण्यांचे आवाज थांबले. एक आकृती कमरेवर हात ठेवून उठली.

"भावजी, निजामाचं राज्य संपलं ते कळलं," ती म्हणाली. "घरातलं रॉकेलही संपलंय. येताना घेऊन या."

वहिनी!

निळी रेघ असीरगडाची होती. नदी ताप्ती होती. माझा जन्म या नदीकाठी गेला, पण मी ती नेहमी गावाकडून पाहिलेली. पलीकडून ती अगदी परकी दिसते हो! आणि काठावरच्या आमच्या बऱ्हाणपूरच्या किल्ल्याबद्दल मी काहीच बोलत नाही. त्या किल्ल्यावर मी दर वर्षी मुलांची सहल नेतो.

वहिनीने धुण्याची बादली माझ्या हातात दिली आणि मला घरी आणलं. गल्लीतली माणसं दोन्ही बाजूंना उभी. "आ गये क्या मास्तर? कैसी थी कन्याकुमारी?" मी बादलीकडे बघत चालत होतो. दारात आई उभी. मी पाय उचलला तशी ती कडाडली, "तिथंच थांब! प्रस्थान ठेवून निघालेला माणूस आत येत नाही!"

"आई, अगं पाय..."

"ओट्यावर बस."

ओट्यावर बसायला गेलो तर तिथे आधीच कोणीतरी चहा पीत बसलं होतं. दौलत अण्णा! मी बागेत गुंतलो होतो तेवढ्या वेळात गाडी जुंपून ते माझ्या पुढे येऊन पोचले होते. मास्तर अनवाणी निघाले आणि ते उलट्या दिशेला गेले, हे आईला सांगायला. गाडीत मागे कमलही होती. रडून तिचे डोळे लाल झालेले. मला बघून तिने ते घाईघाईने पुसले आणि दुसरीकडे बघू लागली. बुंदी न वाढता पुढे गेली होती, अगदी तशीच.

अण्णांनी कपबशी खाली ठेवली. माझा एक पाय धरून मांडीवर घेतला. तळवा पाहिला. फोड, काटे, रक्त, ताप्तीची वाळू. मग दुसरा पाय पाहिला. मला तर वाटलं, घोड्याचे खूर तपासल्यावर बघतात तसे आता दातही बघणार!

"कायले चालले एवढं?" त्यांनी विचारलं.

"कमलसाठी," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

अण्णांनी माझा पाय जपून खाली ठेवला, आणि वळून आईला म्हणाले, "ताई, तारीख काढा. पाय मी पाहिले, पाय चांगले हायेत. डोक्याचं काम आमची कमल करील."